सवय हाच आधार : बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या आरोग्यासाठी कुटुंबांना मार्गदर्शन

लखनौ शहरातील मराठी भाषक कुटुंबे व दवाखान्यात येणारे नागरिक यांच्यासाठी माहितीपत्रिका

प्रस्तावना

असा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. गोमतीनगरमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील २२ वर्षांचा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे. तो मोजके शब्द बोलतो, घरच्यांना ओळखतो, स्वतःच्या हाताने जेवतो. गेले पंधरा दिवस मात्र तो ताट दूर सारतो, रात्री उठून बसतो आणि उजव्या गालावर चापट्या मारून घेतो. घरात कोणी म्हणते, हट्ट वाढला आहे; कोणी म्हणते, त्याची अवस्थाच तशी आहे. शांत राहण्याचे औषध वाढवून मिळावे म्हणून कुटुंब दवाखान्यात जाते. तेथे डॉक्टर आधी त्याचे तोंड तपासतात. खालची दाढ मुळापर्यंत किडलेली आढळते. दाढेवर उपचार होतात आणि चापट्या थांबतात.

हे उदाहरण कल्पित आहे. परंतु अशा मुलाची किंवा मुलीची काळजी घेणाऱ्या अनेकांना ते ओळखीचे वाटेल. त्यात दोन गोष्टी सामावलेल्या आहेत. पहिली अशी की, वागण्यातील बदल हा पुष्कळदा वेदनेचा शब्द असतो. दुसरी अशी की, ती दाढ किडण्याआधी रोज रात्री दोन मिनिटांची एक सवय असती, तर ही वेळ बहुधा आली नसती.

आरोग्यदायी सवयी सर्वांनाच आवश्यक असतात. ज्या व्यक्तीला आपले दुखणे नेमक्या शब्दांत सांगता येत नाही, तिच्यासाठी मात्र त्या संरक्षक कवचासारख्या आहेत. ही पत्रिका त्या सवयी कोणत्या, त्या कशा लावाव्यात आणि दवाखान्याची मदत केव्हा व कोठे घ्यावी, हे सांगते.

बौद्धिक दिव्यांगता म्हणजे काय

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात २१ प्रकारच्या दिव्यांगता नमूद आहेत. बौद्धिक दिव्यांगता ही त्यांपैकी एक. शिकणे, तर्क करणे व अडचण सोडवणे या क्षमतांवर, तसेच रोजच्या व्यवहारातील कौशल्यांवर लक्षणीय मर्यादा असणे, असा तिचा अर्थ आहे. हा मानसिक आजार नव्हे. तो कोणाच्या कर्माचा किंवा मातेच्या चुकीचा परिणामही नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशात अशा सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली होती.

या व्यक्तींना शिकण्यास अधिक वेळ लागतो. परंतु त्या शिकतात. एकदा नीट बसलेली सवय त्या अनेकदा इतरांपेक्षा अधिक निष्ठेने पाळतात. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने घडणारी गोष्ट त्यांना सुरक्षित वाटते. हाच गुण आरोग्यासाठी उपयोगात आणावयाचा आहे.

आजार दिव्यांगतेच्या आड लपू देऊ नका

बौद्धिक दिव्यांग व्यक्तींमध्ये दातांचे व हिरड्यांचे रोग, बद्धकोष्ठता, लठ्ठपणा, दृष्टिदोष आणि श्रवणदोष अधिक प्रमाणात आढळतात. अपस्मार, म्हणजेच फिट किंवा आकडी येण्याचा विकार, सुमारे पाचांपैकी एका व्यक्तीस असतो. यांतील बहुतेक गोष्टी ओळखता येतात व त्यांवर उपचार करता येतात. तरीही त्या दुर्लक्षित राहतात, कारण प्रत्येक लक्षण ‘हे त्या दिव्यांगतेमुळेच’ असे मानले जाते. ही चूक घरातही होते आणि दवाखान्यातही होते.

तिची किंमत मोठी असते. इंग्लंडमध्ये बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या मृत्यूंचा नियमित आढावा घेतला जातो. २०२१ मधील मृत्यूंच्या आढाव्यात १०० पैकी ४९ मृत्यू टाळता येण्याजोगे असल्याचे आढळले. सर्वसाधारण लोकसंख्येत हेच प्रमाण १०० पैकी २२ होते. वेळेवर झालेली तपासणी आणि रोजच्या साध्या सवयी यांनी हे अंतर कमी होऊ शकते.

म्हणून एक नियम लक्षात ठेवावा. वागणे अचानक बदलले, तर आधी शरीराकडे पाहावे. पुढील खुणा वेदनेच्या किंवा आजाराच्या असू शकतात :

- जेवण नाकारणे, एकाच बाजूने चावणे, लाळ वाढणे
- डोके, गाल, कान किंवा पोट यांवर मारून घेणे
- झोप मोडणे, विनाकारण रडणे किंवा अगदी गप्प होणे
- आधी येत असलेले काम करणे थांबवणे, चालण्याची पद्धत बदलणे
- कपड्यांत लघवी किंवा शौच होऊ लागणे

दात, कान, घसा, पोट, लघवीची जळजळ, मासिक पाळीच्या वेदना आणि पायातील जखम या सात गोष्टी प्रथम तपासून घ्याव्यात.

सवय कशी लावावी

‘सांगून ऐकत नाही’ अशी तक्रार पुष्कळ पालक करतात. अडचण बहुधा सांगण्याच्या पद्धतीत असते. ‘स्वच्छ राहा’ हे वाक्य ऐकून नेमके काय करावयाचे, हे या व्यक्तीला उमगत नाही. तिला कृती हवी असते; तीही लहान लहान तुकड्यांत.

कामाचे टप्पे पाडा. हात धुणे हे एक काम दिसते. प्रत्यक्षात त्यात नळ उघडणे, हात ओले करणे, साबण लावणे, तळवे, मागची बाजू व बोटांच्या बेचक्या चोळणे, पाण्याने धुणे, नळ बंद करणे आणि हात पुसणे इतकी कामे आहेत. एका वेळी एकच टप्पा शिकवावा.

शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करा. आरंभी सर्व टप्पे आपण तिचा हात धरून करावेत आणि फक्त हात पुसणे तिच्यावर सोडावे. ते जमले की नळ बंद करणेही तिच्याकडे द्यावे. अशा रीतीने मागून पुढे यावे. यामुळे प्रत्येक वेळी काम पूर्ण केल्याचा आनंद तिच्या वाट्याला येतो आणि पुन्हा करण्याची इच्छा टिकते.

वेळ, जागा व शब्द एकच ठेवा. लखनौमधील मराठी घरांत ही बाब विशेष महत्त्वाची आहे. आजी म्हणते ‘चूळ भर’, वडील म्हणतात ‘तोंड धू’, शाळेत ऐकू येते ‘कुल्ला करो’. आपल्याला तिन्हींचा अर्थ समजतो. तिच्यासाठी ती तीन निरनिराळी कामे असू शकतात. घरातील सर्वांनी बसून प्रत्येक कृतीसाठी एक शब्द ठरवावा. तोच शब्द व तेच चित्र शाळेतील शिक्षकांनाही द्यावे. हिंदी शब्द शिकवावयाचा असल्यास मराठी शब्द पक्का झाल्यानंतर त्याला जोडून शिकवावा.

चित्रांचा आधार द्या. मोबाइलवर तिचीच छायाचित्रे काढून, छापून, मोरीजवळ किंवा आरशाशेजारी क्रमाने लावावीत. परक्या चित्रापेक्षा स्वतःचा ब्रश व स्वतःचा चेहरा लवकर ओळखला जातो.

कौतुक लगेच करा. काम होताच त्याच क्षणी शाबासकी द्यावी. बक्षीस म्हणून चॉकलेट, बिस्किट किंवा जलेबी देऊ नये. आवडते गाणे, टाळी, फेरफटका किंवा चिकटचित्र द्यावे. खाण्याचे आमिष एका सवयीसाठी दुसरी सवय बिघडवते.

निवड करू द्या. ‘आंघोळ करायची का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येईल. ‘निळा टॉवेल घ्यायचा की पिवळा?’ असे विचारावे. व्यक्ती प्रौढ असेल तर तिच्याशी प्रौढासारखेच बोलावे. रागावणे, मारणे किंवा चारचौघांत लाजवणे यांनी सवय लागत नाही; केवळ भीती बसते.

एका वेळी एकच नवी सवय घ्यावी. ती स्थिर होण्यास काही आठवडे, क्वचित काही महिने लागू शकतात. मध्येच आजारपण किंवा प्रवास आला व सवय सुटली, तर निराश न होता दोन टप्पे मागे जाऊन पुन्हा आरंभ करावा.

आहार : ताट सर्वांचे एकच

घरात इतरांसाठी समोसे आणि तिच्यासाठी उकडलेली भाजी, अशी विभागणी फार दिवस चालत नाही. आहारातील बदल संपूर्ण कुटुंबाने करावा. अर्धे ताट भाजी, कोशिंबीर व फळे; पाव ताट पोळी, भाकरी किंवा भात; पाव ताट वरण, उसळ, दही, अंडे किंवा मासे, असा साधा हिशेब ठेवावा. ताट लहान घ्यावे. पातेले समोर न ठेवता ताट वाढून आणावे. प्रौढ व्यक्तीस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ पुरेसे आहे. त्यात लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठही धरावे.

लखनौ हे खाद्यप्रेमी शहर आहे. खस्ता कचोरी, चाट, कुल्फी, हिवाळ्यातील मक्खन मलाई आणि उन्हाळ्यात मलिहाबादचा दशहरी आंबा यांपासून कोणालाही पूर्णपणे दूर ठेवण्याची गरज नाही. त्यांचा वार व प्रमाण ठरवावे. ‘रविवारी संध्याकाळी एक कुल्फी’ हा नियम भिंतीवरील दिनदर्शिकेवर चित्राने दाखवला, तर रोजची मागणी कमी होते. ‘बिचाऱ्याला दुसरे काय सुख आहे’ असे म्हणून येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा गोड हातावर ठेवतो. त्या प्रेमाला सौम्यपणे, परंतु स्पष्ट मर्यादा घालावी.

काही आनुवंशिक स्थितींमध्ये पोट भरल्याची जाणीवच होत नाही आणि भूक अनावर असते. अशा वेळी दोष न देता स्वयंपाकघरातील डबे कुलपात ठेवावेत आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मानसोपचारातील व अपस्मारावरील काही औषधांनीही वजन वाढते. औषध स्वतःहून बंद करू नये. वजनाची नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी.

खाताना व्यक्तीला ताठ बसवावे, घास लहान द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. पाणी पिताना वारंवार ठसका लागणे किंवा छातीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होणे ही अन्न श्वासनलिकेत जात असल्याची खूण असू शकते. ती त्वरित डॉक्टरांच्या कानावर घालावी.

पाणी आणि पोट साफ होणे

तहान लागली हे सर्वांनाच सांगता येत नाही. मे व जून महिन्यांत लखनौचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. मानसोपचारातील काही औषधांमुळे शरीराची उष्णता सहन करण्याची शक्ती आणखी कमी होते. म्हणून पाण्याच्या वेळा ठरवाव्यात : उठल्यावर, न्याहारीला, शाळेत किंवा कामावर पोहोचल्यावर, जेवणाला, दुपारी, संध्याकाळी. तिची स्वतःची रंगीत बाटली ठेवल्यास किती पाणी प्यायले गेले, ते कळते. दुपारी १२ ते ४ या वेळेत बाहेर नेणे टाळावे.

बद्धकोष्ठता ही क्षुल्लक बाब समजू नये. दुर्लक्ष झाल्यास ती जीवघेणीही ठरू शकते. न्याहारीनंतर रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटे शौचालयात बसण्याची सवय लावावी; पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले असावेत. दिनदर्शिकेवर शौचाची खूण करावी. तीन दिवस पोट साफ झाले नाही, पोट फुगले, उलट्या झाल्या किंवा घट्ट मळाभोवतून पातळ गळती होऊ लागली, तर डॉक्टरांकडे जावे.

हालचाल : रोज थोडी, आनंदाने

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना दिव्यांग व्यक्तींनाही लागू आहेत. प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे हालचाल करावी. एकदम इतके जमत नसेल तर दहा मिनिटांपासून प्रारंभ करावा.

जनेश्वर मिश्र उद्यान, लोहिया उद्यान किंवा आपल्या वसाहतीतील बाग येथे रोज त्याच वाटेने चालणे हा उत्तम आरंभ आहे. ‘तिसऱ्या बाकापर्यंत’ असे डोळ्यांना दिसणारे लक्ष्य द्यावे. पुढच्या आठवड्यात चौथे बाक. जानेवारीच्या धुक्यात व थंडीत बाहेर पडणे शक्य नसते, तेव्हा घरातच गाणे लावून नाचावे, चेंडू झेलावा, जिना चढावा. ज्या शहरात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली संगीत महाविद्यालय उभे राहिले, तेथील मराठी घरांना गाण्याचे सामर्थ्य वेगळे सांगावयास नको. तालावर हात-पाय हलवणे हाही व्यायामच आहे. केर काढणे, कपडे वाळत घालणे, भाजीची पिशवी आणणे ही कामे शरीराला चालना देतात आणि घरात आपले स्थान आहे, ही भावनाही देतात.

डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींच्या मानेचे सांधे सैल असू शकतात. कोलांटउडी, शीर्षासन किंवा मानेवर भार येणारी आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. हृदयविकार किंवा अपस्मार असल्यास पोहण्यापूर्वी सल्ला घ्यावा आणि पाण्यात एकटे सोडू नये.

दात

सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ब्रश मऊ असावा. मूठ नीट वळत नसेल तर ब्रशच्या दांड्यावर कापड गुंडाळावे किंवा तो रबरी चेंडूत खोचावा. मदत करताना समोर उभे न राहता मागे उभे राहावे आणि दोघांनी आरशात पाहावे. त्यामुळे तोंड नीट दिसते व व्यक्तीला दडपण येत नाही. गोड औषधे घेतल्यावर चूळ भरावी. अपस्मारावरील एका जुन्या औषधाने, फेनिटॉइनने, हिरड्या वाढतात; ते चालू असल्यास दंतवैद्यांना आवर्जून सांगावे.

दर सहा महिन्यांनी दंततपासणी करावी. पहिली भेट केवळ ओळखीची असावी : खुर्चीवर बसणे, दिवा पाहणे, तोंड उघडणे आणि घरी परतणे. दुखू लागल्यावर होणारी पहिली भेट आयुष्यभराची भीती देऊन जाते.

स्वच्छता, मासिक पाळी व शरीराचा सन्मान

जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुणे, रोज आंघोळ, आठवड्यातून एकदा नखे कापणे आणि पायांच्या बोटांमधील जागा कोरडी ठेवणे या मूलभूत सवयी आहेत. १ ते १९ वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारी व १० ऑगस्टच्या मोहिमेत, जंतनाशक गोळी द्यावी. लसीकरण इतर मुलांप्रमाणेच पूर्ण करावे.

मुलीला पहिली पाळी येण्यापूर्वीच पॅड दाखवावे, अंतर्वस्त्राला लावून पाहू द्यावे आणि लाल रंगाचे पाणी शिंपडून ते कसे दिसेल, याची ओळख करून द्यावी. पॅड बदलण्याच्या वेळा घड्याळाशी किंवा जेवणाशी जोडाव्यात. पाळीच्या दिवसांत चिडचिड वाढल्यास ती वेदनेमुळे असू शकते. पाळीची व्यवस्था कठीण जाते म्हणून गर्भाशय काढण्याचा विचार काही पालकांच्या मनात येतो. १९९४ साली पुण्यात अशा शस्त्रक्रियांवरून देशभर मोठा वाद झाला होता. आज कायदा स्पष्ट आहे : २०१६ च्या अधिनियमानुसार दिव्यांग व्यक्तीच्या स्वतंत्र व माहितीपूर्ण संमतीविना तिला वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही.

शरीराच्या अवयवांची खरी नावे शिकवावीत. आंघोळ व कपडे बदलणे दार लावून करावे, हे लहानपणापासून शिकवावे. ‘नको’ म्हणण्याचा तिला हक्क आहे आणि कोणी नकोसा स्पर्श केल्यास तो घरी सांगायचा असतो, हे पुन्हा पुन्हा सांगावे. लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाची पहिली पायरी हीच आहे.

झोप आणि व्यसनांपासून दूर

झोपण्याची व उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवावी. झोपेआधी एक तास मोबाइल व दूरदर्शन बंद करावे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडखळणे किंवा दिवसभर पेंगणे यांकडे दुर्लक्ष करू नये. डाऊन सिंड्रोम व लठ्ठपणा असलेल्यांत झोपेतील श्वासरोध अधिक आढळतो.

पानमसाला, तंबाखू व बिडी या गोष्टी शहरात प्रत्येक कोपऱ्यावर मिळतात. बौद्धिक दिव्यांग तरुणाला मैत्रीच्या नावाखाली, कधी केवळ गंमत म्हणून त्या दिल्या जातात. ‘कोणी पुडी दिली तर नको म्हणायचे व घरी यायचे’ याचा सराव घरात करून घ्यावा. घरातील मोठ्यांनी स्वतः तंबाखू सोडणे हा सर्वांत परिणामकारक धडा होय. कारण ही व्यक्ती ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकते.

दरवर्षीची तपासणी

आजार नसतानाही वर्षातून एकदा पूर्ण तपासणी करावी. वाढदिवसाचा महिना ठरवल्यास ती विसरली जात नाही. तपासणीत वजन, उंची, रक्तदाब, रक्तातील साखर, डोळे, कान, दात, त्वचा व पाय यांचा समावेश असावा आणि चालू औषधांचा फेरविचार व्हावा. डाऊन सिंड्रोम असल्यास थायरॉइडची तपासणी दरवर्षी करावी. चाळिशीनंतर विसराळूपणा वाढल्यास स्मृतिभ्रंशाचीही शक्यता तपासावी. स्पेशल ऑलिंपिक्स ही संस्था १९९७ पासून आपल्या खेळाडूंची आरोग्यतपासणी करते. मैदानावर धावणाऱ्या खेळाडूंमध्येही न ओळखलेले दृष्टिदोष व किडलेले दात मोठ्या प्रमाणावर आढळले आहेत. वरवर धडधाकट दिसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे.

दवाखान्यात जाताना : आरोग्यपत्र बरोबर ठेवा

मराठी घरात वाढलेली व्यक्ती ‘पोट’, ‘डोळा’, ‘ताप’ म्हणेल. डॉक्टर ‘पेट’, ‘आँख’, ‘बुखार’ विचारतील. तीव्र वेदनेत अनोळखी शब्द ऐकून ती गप्प बसेल आणि ‘तक्रार नाही’ अशी नोंद होईल. हे टाळण्यासाठी एका जाड कागदावर हिंदीत आरोग्यपत्र तयार करावे. त्यात पुढील माहिती लिहावी :

- नाव, वय, रक्तगट, पालकांचा दूरध्वनी क्रमांक
- निदान, चालू औषधे व त्यांचे प्रमाण, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे
- ती वापरत असलेले मराठी शब्द व खुणा आणि त्यांचा हिंदी अर्थ
- वेदना झाल्यास ती कशी वागते
- कशाची भीती वाटते व कशाने शांत होते

या पत्राची एक प्रत घरात दिसेल अशा जागी व एक व्यक्तीच्या पिशवीत असावी. आई किंवा वडील स्वतः रुग्णालयात असताना शेजाऱ्यांना हाच कागद उपयोगी पडतो.

२०१६ च्या अधिनियमात दिव्यांग व्यक्तींना तपासणी व उपचारांत प्राधान्य देण्याची तरतूद आहे. गर्दी, आवाज व दीर्घ प्रतीक्षा तिला सहन होत नसल्यास नोंदणी खिडकीवर हे नम्रपणे सांगावे. डॉक्टरांनीही आधी व्यक्तीशी व नंतर पालकांशी बोलावे, अशी विनंती करण्यास संकोच करू नये.

फिट आल्यास व्यक्तीला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, तोंडात चमचा, पाणी किंवा अन्य काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. फिट पाच मिनिटांहून अधिक चालली किंवा लागोपाठ दुसरी आली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

लखनौमध्ये मदत कोठे मिळते

किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात मानसोपचार विभाग व दंतविज्ञान विद्याशाखा आहे. रायबरेली मार्गावरील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत वैद्यकीय आनुवंशिकी विभाग असून, दिव्यांगतेचे आनुवंशिक कारण शोधणे व पुढील अपत्याविषयी समुपदेशन यांसाठी तेथे जाता येते. मोहान मार्गावर दिव्यांगजनांसाठीचे संयुक्त प्रादेशिक केंद्र पुनर्वसन सेवा देते.

१८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून त्याचा प्रारंभ झाला. अंगणवाड्या व शासकीय शाळांत फिरती पथके तपासणी करतात आणि विकासातील विलंब आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

दिव्यांगत्व प्रमाणपत्र व विशिष्ट ओळखपत्रासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करता येतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व बहुविध दिव्यांगता असलेल्यांना १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. त्यात बाह्यरुग्ण उपचार व नियमित तपासणीचाही समावेश आहे. मानसिक ताणासाठी ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य बोलता येते.

काळजी घेणाऱ्याची काळजी

वर्षानुवर्षे एकाच व्यक्तीने, बहुधा आईने, सर्व भार वाहिला तर तिची पाठ, झोप व मन थकते. आठवड्यातून काही तास तरी ही जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी. भावंडांना विश्वासात घ्यावे. मात्र त्यांचे बालपण हिरावून घेऊ नये. आईने स्वतःची रक्तदाब व साखरेची तपासणी पुढे ढकलू नये.

आजपासून

ही पत्रिका वाचून सर्वच गोष्टी उद्यापासून सुरू करण्याचा संकल्प करू नये. एकच सवय निवडावी. रात्रीचे दात घासणे हा चांगला आरंभ आहे. घरातील सर्वांनी त्यासाठी एक शब्द ठरवावा, एक छायाचित्र आरशाजवळ लावावे आणि महिनाभर रोज त्याच वेळी ते काम करावे. त्यानंतर दुसरी सवय.

अशा प्रत्येक पालकाच्या मनात एक प्रश्न असतो : आमच्यानंतर याचे काय होईल? त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कोणतीही पत्रिका देऊ शकत नाही. परंतु स्वतःचा ब्रश स्वतः उचलणारी, वेळेवर पाणी पिणारी आणि दुखते ती जागा बोटाने दाखवणारी व्यक्ती उद्या कोणाच्याही सोबत अधिक सुरक्षित असेल. आपण आज लावलेली सवय आपण जवळ नसतानाही तिची सोबत करील.

जनहितार्थ प्रसारित. ही माहिती वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. शंका असल्यास नजीकच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा.